सत्त्याण्णव मार्कांची बॅटरी

मार्तंडबाबांचा पहिला शिष्य मी. लिहून ठेवा. म्हणजे पहिला पळून गेलेला. परत आलो तोवर पुढच्या सतरंजीवर दुसरेच बसले होते आणि मला चपलांशेजारी जागा मिळाली. तिथूनही छान ऐकू येतं.

तर त्या दुपारी बाबा विचारत होते,

“मग सूर्य मोठा, की ही?”

“मोठा सूर्यच, बाबा,” उमाकांत म्हणाला. “पण रंग खरे दाखवण्याचं म्हणाल, तर सूर्याला शंभर मार्क धरा. हिला सत्त्याण्णव आहेत.”

वीतभर लांबीची काळी बॅटरी त्याने दोन्ही हातांवर धरली होती, पाळण्यात घालायचं लेकरू धरावं तशी.

मी विचारलं, “तीन मार्क कुठे गेले?”

“सखाहरीनाना, तुम्हाला नाही कळायचं.”

“खरंय रे. सातवीला माझे सत्त्याण्णव गेले होते, तीन राहिले होते.”

बाबा हसले. उमाकांत हसला नाही. तो फोटोग्राफर आहे. दिवसभर दुसऱ्यांना ‘हसा, हसा’ म्हणण्यात बिचाऱ्याचं स्वतःचं हसू संपून जातं.

हा उमाकांत तोडकर. तालुक्याला एसटी स्टँडसमोर याचा स्टुडिओ. लग्न, बारसं, साखरपुडा, सगळ्याचे फोटो काढतो. बाबांचा शिष्य आहे, आणि तसं तो विचारलं नाही तरी सांगतो.

आमचं ठाणं म्हणजे टेकडीवरचं खंडोबाचं लहानसं देऊळ आणि त्याला चिकटून बाबांची दगडी खोली. दर चंपाषष्ठीच्या आधी बाबांचा नवा फोटो काढायचा आणि घरोघरी चौकटीत लावायचा, ही आमची रीत. जुना काढून नव्यामागेच ठेवतात. माझ्या घरची चौकट आता इतकी जाड झालीय, की खिळा वाकलाय.

पण गेली काही वर्षं फोटोत बाबांचा भगवा विटेसारखा यायचा आणि भंडारा मातीसारखा. खोलीत एक झरोका, एक समई आणि एक पिवळा बल्ब. त्यात कॅमेऱ्याने तरी काय करावं?

आणि यंदा फोटो बिघडून चालणारच नव्हता. यंदा बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

दसऱ्यापासून बाबा खोलीबाहेर फारसे येत नव्हते. दुधाच्या वाटीपलीकडे काही घेत नव्हते; आम्ही म्हणायचो, नवरात्राचा उपास बाबांनी पुढे चालवलाय. आत जाऊन आलेला प्रत्येक माणूस पायरीवर उभा राहून सांगायचा, “सोनं झालंय बाबांचं, सोनं!” कपाळाला भंडारा, गालांना भंडारा, हातांना भंडारा, वर बल्बचा पिवळा उजेड. तरी उमाकांतचं म्हणणं पडलं, की हे वरचं नाही, आतून आलंय. तेच त्याला खऱ्या उजेडात पकडायचं होतं. उद्या कुणी म्हणायला नको, की बल्बची करामत आहे.

“ही बॅटरी लबाडी करत नाही, बाबा,” तो म्हणाला. “साध्या बॅटरीत भगवा मरतो. माणूस मढ्यासारखा दिसतो. हिच्यात जे आहे ते दिसतं.”

“जे आहे ते?”

“जे आहे तेच.”

“आणि तुला?”

“मला काय, बाबा?”

“काढ फोटो,” बाबा म्हणाले.

उमाकांत कामाला लागला. बल्ब घालवला. समई कोपऱ्यात सरकवली. झरोक्यावर पोतं टाकलं. बाबांच्या समोरच्या भिंतीवर स्टुडिओतून आणलेली पांढरीशुभ्र चादर टांगली आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

“चादरीवर मारा. बाबांवर नाही.”

“फोटो बाबांचा आहे की चादरीचा?”

“नाना! उजेड थेट तोंडावर मारला, की माणूस पकडलेल्या चोरासारखा दिसतो. चादरीवर आपटून यायला पाहिजे. मऊ होऊन.”

मी चादरीवर मारला. आणि खोटं कशाला बोलू, खोली बदललीच. बाबांच्या कफनीचा भगवा असा उठला, की वाटलं आत्ताच रंगवून वाळत घातलीय. दाढीचा केसन् केस पांढरा. ठाण्याचा स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्काने बाबांपुढे दुधाची वाटी ठेवली होती. ते दूधही वासराने बघावं असं पांढरं.

“बघितलंत?” उमाकांत म्हणाला.

“बघितलं.”

त्याने फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात वाकून पाहिलं.

पाहतच राहिला.

“आलं का रे तेज?” मी विचारलं.

“पिवळं आलंय…”

“मग तेज काय हिरवं असतं?”

“तसं नाही हो. डोळेही पिवळे आलेत.”

तो बॅटरीकडे बघायला लागला. आता त्याची पंचाईत समजून घ्या. बॅटरी चुकली म्हणावं, तर सत्त्याण्णव मार्क. आणि बॅटरी बरोबर म्हणावं, तर…

ते ‘तर’ त्याच्या डोळ्यांत क्षणभर आलेलं मी पाहिलं. लगेच गेलंही.

“थांबा,” तो म्हणाला. “कॅमेऱ्याला सांगायला हवं.”

“काय?” बाबांनी विचारलं.

“पांढरं कशाला म्हणायचं ते. पडद्यावर एका जागी बोट ठेवायचं आणि सांगायचं, हे पांढरं. बाकीचे रंग तो त्यावरून लावून घेतो.”

“तू सांगशील ते ऐकतो?”

“मुकाट्याने ऐकतो, बाबा.”

“चांगला शिष्य आहे.”

उमाकांत खूश झाला. त्याने पडद्यावर कुठेतरी बोट टेकवलं, मला हात न हलवायची तंबी दिली आणि दुसरा फोटो काढला.

या वेळी तो हसला. “हं! आता कसे छान आले.”

मी पुढे होऊन डोकावलो. बाबा खरोखर छान आले होते. गाल गुलाबी, डोळे स्वच्छ, जसे दहा वर्षांपूर्वी होते तसे. फक्त दाढी निळी होती.

“उमाकांतराव, ही काय नवी फॅशन?”

“कुठे काय?”

“दाढी. आणि दूध बघ. नीळ घातलीय का गोदाक्काने दुधात?”

“तेवढं स्टुडिओत करून टाकू.”

“आणि मागची भिंत? तीही निळी. बाबा खोलीत बसलेत की विहिरीत?”

“नाना, तुम्ही बॅटरी धरा!”

बाबांनी हात पुढे केला. “बघू.”

त्याने कॅमेरा दिला. बाबा बराच वेळ दोन्ही फोटो उलटसुलट पाहत राहिले. पहिला. दुसरा. परत पहिला.

“बोट कुठे ठेवलंस, उमाकांता?”

“तुमच्या डोळ्यावर. बुबुळाशेजारचं पांढरं असतं ना, तिथे.”

“दाढी पांढरी नव्हती?”

“होती.”

“दूध?”

“होतं.”

“मागची भिंत परवाच चुन्याने रंगवली. एवढं पांढरं असताना तुला डोळाच का सापडला?”

उमाकांत चादरीचं टोक सरळ करायला लागला.

“सांग की.”

“डोळ्याचं पांढरं ते पांढरंच असतं, बाबा…”

“पहिल्या फोटोत तसं दिसलं?”

“नाही.”

“काय दिसलं?”

“पिवळं.”

“मग पिवळ्यावर बोट ठेवून त्याला काय सांगितलंस?”

उमाकांतची मान खाली गेली. कान मात्र लाल झाले. सत्त्याण्णव मार्कांचे लाल. एरवी मी एवढ्यावर दोन दिवस जगलो असतो. पण तेव्हा मी चादरीकडेच बघत राहिलो.

“भंडारा असेल, बाबा,” तो शेवटी म्हणाला. “उडून डोळ्यात गेला असेल. त्याचाच रंग चढलाय सगळीकडे.”

बाबांनी उजवा हात त्याच्यापुढे धरला. पालथा.

“पूस.”

“बाबा, भंडारा कसा पुसू? देवाचा आहे.”

“देव मागत नाहीये. मी मागतोय. पूस.”

उमाकांतने रुमाल काढला. देवापुढच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवला. गुडघे टेकून बसला आणि बाबांचा हात पुसायला लागला. रुमाल पिवळा झाला.

त्याचा जीव भांड्यात पडला. “बघा, म्हटलं ना मी, भंडाराच—”

“अजून.”

त्याने रुमालाची घडी बदलली. परत पुसलं. या खेपेला रुमालावर थोडंसंच आलं.

“अजून.”

त्याने रुमालाची कोरी घडी काढून परत पुसलं. मनगटापासून नखांपर्यंत, रगडून.

रुमाल पांढराच राहिला.

हातही पिवळाच राहिला.

बघायला मी पुढे वाकलो आणि चादरीवरचा उजेड खाली घसरला.

“हलवू नकोस, सखाहरी,” बाबा म्हणाले. “त्याला नीट बघू दे.”

उमाकांत बघत होता. नखं पिवळी. हात उलटला, तळव्याच्या रेघाही पिवळ्या. त्याने मान वर करून बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. कॅमेऱ्याशिवाय पाहिलं. हळदीत बुडवून काढल्यासारखे ते डोळे त्याच्याकडेच बघत होते.

“ही कावीळ आहे…” उमाकांत म्हणाला.

दारात गोदाक्का उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. महिना-दीड महिना आम्ही त्या कातडीच्या पाया पडत होतो. सोनं म्हणत होतो. एकाने तर आपल्या आजारी सुनेला आणून त्या हाताखाली बसवलं होतं.

“मला पहिल्या फोटोतच कळलं होतं, बाबा.” उमाकांत पिवळा रुमाल चुरगाळत होता. “म्हणजे… कळत होतं. माझ्या मामांचे डोळे असेच झाले होते. शेवटी शेवटी. मला ते नको होतं. लोकांना सांगून आलो होतो मी, तेज दाखवतो म्हणून…”

“हं.”

“बॅटरी खरं बोलली, बाबा.”

“बोलली.”

“मीच…”

त्याने कॅमेरा उचलला आणि निळ्या दाढीचा तो फोटो खोडायला बोट नेलं. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे तो.”

“नको, बाबा! लाज वाटते मला त्याची.”

“मी किती बरा दिसतोय त्यात.”

आता हे बाबा चेष्टेने म्हणाले की कसं, ते मला सांगता येणार नाही. मी जन्मभर सगळ्यांची थट्टा केली, पण असली थट्टा मला कधी जमली नाही. उमाकांत त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला, आणि मध्येच थांबला. पायही पिवळे होते. वाकलेला तसाच राहिला, पुढे होईना की मागे होईना.

मग एकदम उठला. “गाडी खाली आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं. आत्ता.”

कॅमेरा तिथेच राहिला. चादर भिंतीवर तशीच लोंबत राहिली. गोदाक्काने खुर्ची आणली. आम्ही बाबांना खुर्चीत बसवलं, एका बाजूने मी आणि एका बाजूने उमाकांत. उचलताना मी कंबर सावरून चांगला जोर लावला, आणि खुर्ची भसकन वर आली. त्यात माणूस असा नव्हताच काही. कफनी होती, दाढी होती.

उमाकांतने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन पडलेलं. शंभर मार्कांचं, फुकटचं. दोन-चार मंडळी दर्शनाला थांबली होती. बाबा बाहेर आले म्हणून त्यांनी हात जोडले, ‘येळकोट’ म्हणायला तोंड उघडलं, आणि उन्हात बाबांचा चेहरा पाहून तोंड तसंच राहिलं. एकाने हळूच हात खाली घेतले. कुठे ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं.

उमाकांत सगळ्यांसमोर ढसाढसा रडत पायऱ्या उतरत होता. नाक पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

मला ते बघवेना. अशा वेळी माझी जीभ आपोआप चालते, ती चालली. म्हटलं जरा हलकं करावं, आणि थोडं बाबांनाही बोल लावावा, म्हणजे सगळा भार आमच्यावरच नको.

“काय हो बाबा,” मी म्हणालो, “तुम्ही पण कमाल करता. आम्ही अडाणी माणसं. निदान एकदा तोंडाने सांगायचं तरी!”

बाबांनी मान मागे टेकली होती. उन्हामुळे डोळे मिटलेले होते. ते न उघडताच म्हणाले,

“सांगितलं होतं की, सखाहरी. नवरात्रात, भरल्या सभेत म्हणालो होतो, पोटात दुखतं, अन्न आत जात नाही. तुम्ही त्याचा अर्थ काय लावलात रे?”