खिंडीतली बैलजोडी

फार फार वर्षांपूर्वी रोमच्या राज्यात एका उंच डोंगराच्या खिंडीतून दगडी रस्ता जायचा. चिऱ्याला चिरा असा भिडवलेला, की मध्ये सुरीचं पातं शिरू नये. पण चढ मोठा अवघड. म्हणून खिंडीतली माणसं आपले बैल गाड्यांपुढे जुंपून त्या वर ओढून देत. बदल्यात धान्य मिळे, तेल मिळे.

तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. बहिणीकडे एक बैलजोडी, भावाकडे दोन. खालचा चढ भावाचा, वरचा बहिणीचा. ज्याचा चढ, त्याने तिथले चिरे सांभाळायचे, अशी रीत.

एकदा भाऊ म्हणाला, "अक्का, थोडे चिरे उपटून टाकू. गाड्या रुतल्या की एका जोडीच्या जागी दोन लागतील. मजुरी दुप्पट."

"तुझ्या चढाचं तू बघ. माझ्या चढावर पहार घेऊन आलास, तर तुलाच जुंपीन."

भावाने चिरे उपटले. गाड्या रुतू लागल्या, त्याच्या घरी तेलाचे रांजण भरले. खाली नाडलेले गाडीवान वर पोचले, की बहिणीच्या हातावर जेमतेम मूठभर धान्य ठेवत.

भाऊ हसायचा. "अक्का, आता ते गुळगुळीत चिरेच शिजवून खा."

पुढच्या वर्षी मात्र गाड्या यायच्याच बंद झाल्या. गाडीवान डोंगराला वळसा घालून जाऊ लागले. बैल विकायची पाळी आली, तेव्हा बहीण तरातरा डोंगर उतरली आणि फाट्यावर एका तेलवाल्या गाडीवानाला आडवी झाली.

तो म्हणाला, "नको गं बाई. तुमच्या खिंडीत माझी चाकं मोडली."

"परवा ये. गाडी एकदा जरी रुतली, तर माझी जोडी तुझी."

भावाला हे कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. "जोडी गेली तर खाशील काय?"

"ते तू ठरव. पहार तुझ्याच हातात आहे."

दोघांनी मिळून चिरे पुन्हा बसवले. प्रत्येक चिऱ्यावर ती स्वतः उडी मारून बघायची. जरा हलला, की भावाला म्हणायची, "काढ, परत बसव." तो पुन्हा पहार उचलायचा.

ठरल्या दिवशी गाडी आली. भाऊ चाकाशेजारून एकेका चिऱ्यावर नजर ठेवून चालत होता. पण गाडी कुठे अडली नाही. एकाच जोडीने ती माथ्यावर पोचली.

गाडीवानाने तेलाचा एक रांजण उतरवला आणि मिशीत हसला. "जिंकलीस बाई. पण काम एकाच जोडीचं झालं, तेव्हा मजुरीही अर्धीच."

"पूर्ण दे," ती म्हणाली. "अर्धी बैलांनी ओढलं त्याची. आणि अर्धी रस्त्याने अडवलं नाही त्याची."

गाडीवानाने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग दुसरा रांजण उतरवला.

तेव्हापासून त्या खिंडीत रस्त्याचा वाटा वेगळा मिळू लागला. आणि तो मागायला भाऊ सगळ्यांच्या पुढे, छाती काढून उभा राहू लागला.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याला अडवून मिळवलेलं फार दिवस पुरत नाही. काम चोख करा, आणि मग त्याचं मोल मागताना मान खाली घालू नका.