ओढ्याकाठचं रान कोणाचं?

सकाळचे बरोबर सव्वासात वाजले होते. म्हणजे बाळांनो, तुमची वेणीफणी आणि दप्तराची शोधाशोध चालू असते ना, ती वेळ. तेव्हाच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या एका सशिणीच्या मनात पाल चुकचुकली. तिचं धाकटं पिल्लू बोरं खाता खाता एकटंच बडबडत होतं, "आमचं रान कोल्हेकाकांचं. काकांनी दया केली, म्हणून आम्ही इथं राहतो." सशिणीच्या तोंडातला पाला खाली पडला.

ओढ्याकाठचं ते ओलं रान आधी साळिंदराचं होतं. वणवा लागला तेव्हा साळिंदर डोंगरापलीकडे गेलं आणि जाताना रान सशिणीच्या पणजीला देऊन गेलं. पणजीकडून ते आजीकडे आलं, आजीकडून आईकडे आणि आईकडून हिच्याकडे. त्या जंगलात कागद नव्हता की शिक्का नव्हता. दरवर्षी पेरणीच्या आधी सगळे जांभळीखाली जमत. प्रत्येक घरातलं धाकटं पिल्लू उभं राहून आपलं रान कोणाकडून कोणाकडे आलं, ते सांगे. धाकट्याला खोटं रचता येत नाही, म्हणून त्याचंच बोलणं खरं धरत. आणि ती बैठक नेमकी त्याच दिवशी होती!

"हे तुला कोणी शिकवलं रे?" सशिणीनं विचारलं.

"कोल्हेकाकांनी. न चुकता म्हटलं की जास्त बोरं देतात!"

कितीतरी दिवस कोल्हा बांधाशी येऊन म्हणत होता, "वहिनी, तुम्ही खुशाल कामाला जा. पोरांकडं मी बघतो." सशिणीला तेव्हाच खटकलं होतं. आता तुम्हीच सांगा, उगाच कोणी रोज बोरं देतं का? पण कामं उरकेनात, म्हणून ती पोरांना त्याच्यावर सोपवून जाई. आता तिनं पिल्लाला खरं काय ते परत परत सांगितलं, तरी ते आपलं कोल्ह्याचंच म्हणे. जिभेवर बसलं होतं ना!

जांभळीखाली निवाडा करणारे कासवआजोबा मधोमध बसले. पिल्लू उभं राहिलं आणि कोल्ह्यानं शिकवलेलं घडाघडा म्हणून मोकळं झालं. कोल्ह्यानं डोळे पुसल्यासारखं केलं. "लेकरूच बोललं, मी काय बोलणार? राहा वहिनी, राहा. फक्त निम्मं पीक मला देत जा."

"थांबा भाऊजी," सशीण म्हणाली. "माझ्या घरचं बोलून झालं. आता तुमच्या घरचं धाकटं बोलू दे."

"अहो, त्याचं काय काम? झोपलं असेल ते."

"सगळ्यांची पिल्लं बोलतात, मग तुझंच का नको?" कासवआजोबा म्हणाले.

कोल्ह्याचं पिल्लू पुढे आलं. त्याला शिकवलं होतं त्याच्या आईनं. बापाला शेजारची पोरं पढवण्यातून वेळ कुठला! ते म्हणालं, "ओढ्याच्या पलीकडचं रान आमचं. पणजोबांनी झुडपं तोडून केलेलं. अलीकडचं साळिंदराचं होतं, ते त्यानं सशांच्या पणजीला दिलं. आई म्हणते, तिकडं पाय टाकायचा नाही."

"काय हो कोल्होबा, घरची शिकवणी राहिली वाटतं!" उंदीर ओरडला आणि सगळे हसले. कासवआजोबांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "रान सशांचं." कोल्हा मान खाली घालून चालता झाला. सशीण मात्र हसली नाही. तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, मग पिल्लाला जवळ घेऊन पहिल्यापासून सांगू लागली, "आपलं रान आधी साळिंदराचं होतं..."

तात्पर्य : आपली जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे आपल्या मुलांना आपणच सांगावं. आपण सांगितलं नाही, तर ज्याला ती जमीन हवी आहे तो सांगेल. बाळांनो, आज घरी गेल्यावर हे आधी आईला सांगा, आणि मग शेजारच्या घरीही सांगून या.