भुलफुलाची तागडी

एका राज्यात भुलफूल उगवत असे. त्याचा रस पोटात गेला की माणूस घरदार विसरून सुखस्वप्नात बुडे, म्हणून ते निषिद्ध होते. शिक्षा ठरवी मांत्रिकाने दिलेली तागडी. पारडे जितके खाली जाई, तितका काळ अपराध्याने पाषाण होऊन राहायचे. कोणाचा चेहरा पाहून मन ढळू नये, म्हणून तोलताना राजाने डोळे मिटायचे, अशी रीत होती.

एके दिवशी दोघे धरले गेले. प्रधानपुत्र विक्रांतसेन चांदीच्या पेल्यातून रस पीत होता; विणकराचा तेजबा वाळलेली गोळी चघळत होता. पेला ठेवला, पारडे जेमतेम हलले. प्रधानपुत्र एका दिवसापुरता पाषाण झाला. गोळी ठेवली, पारडे धाडकन भुईला टेकले. तेजबा वेशीवर कायमचा पाषाण झाला.

त्याची बहीण सगुणा किंचाळली, "महाराज, फूल एकच, मग हे कसे?"

"तागडी खोटे बोलत नाही, मुली."

"मग तिचीच पारख करू द्या."

"तिला हात लावायचा तर तीन वस्तू आण. नागवनातले भुलफूल, सूर्यपर्वताचा निखारा, आसवांच्या तळ्याचे पाणी."

मांत्रिकाच्या अंगणात वाढलेली एक बोलकी साळुंकी तिच्या खांद्यावर बसून म्हणाली, "वाट लांब आहे, सगुणे. केस पिकतील."

"पिकू देत. तू बडबड कमी कर नि पुढे उड."

तिची अंगाई ऐकून नागवनातला नाग निजला, तिने फूल खुडले. निखारा तिने ओंजळीत आणला, हात होरपळले. तळ्याने पाण्याच्या बदल्यात तारुण्य मागितले. तिने दिले.

ती परतली तेव्हा विक्रांतसेन स्वतः प्रधान झाला होता.

"महाराज, आज डोळे उघडे ठेवा."

तिने अर्धे फूल पेल्यात पिळले. पारडे जेमतेम हलले. उरलेले अर्धे निखाऱ्यावर वाळवून गोळी केली. धाडकन! सभा दचकली. तीच गोळी तिने तळ्याच्या पाण्यात विरघळवून पेल्यात ओतली. पारडे पुन्हा जेमतेम हलले.

राजा सिंहासनावरून उतरून तागडीपाशी आला. "आणि मी... इतकी वर्षे डोळे मिटून..."

साळुंकी म्हणाली, "मांत्रिकाचा लेकही पेल्यातूनच पीत असे, महाराज."

राजाने स्वतःच्या हातांनी तागडीची दांडी मोडली. शाप तुटला. पेला असो वा गोळी, शिक्षा एकच, एक दिवसाची कैद, अशी दवंडी फिरली. वेशीवरचे पाषाण खोकले, हलले, घरची वाट विचारू लागले.

तेजबा होता तसाच कोवळा होता. समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईला तो म्हणाला, "आजी, माझ्या ताईला पाहिलेत का? रागावली असेल माझ्यावर."

सगुणेने भाजलेला हात त्याच्या गालावर ठेवला. "नाही रे बाळा. रागावली नाही ती."

त्या राज्यात न्याय करताना राजा अजूनही डोळे उघडे ठेवतो.