आंबेवळणचे तीन थर

एका राज्यात येसाजी नावाचा चितारी होता. बुधवार होता, ऊन नेहमीसारखं होतं, आणि तो ओसरीवर गेरू खलत होता. त्याची बायको सगुणा माहेरी, आंबेवळणला गेली होती.

साळुंकी कुंपणावर येऊन बसली.

"येसाजी, हात थांबव. सगुणा पहाटे तापाने गेली. मग सकाळी एक तहानलेला मांत्रिक गावात आला. त्याला कुणी पाणी विचारलं नाही. त्याने सारं गाव धुक्यात बुडवलं."

येसाजीने खल बाजूला ठेवला. थोडं पाणी प्यायला.

राजाने त्याला बोलावलं.

"उःशाप एकच आहे. शापाच्या घडीला गाव जसं होतं, तसं तीन थरांत रंगवायचं. जे रंगेल ते परत येईल. एक रेघ खोटी पडली, तर गाव कायमचं जाईल."

"काढतो, महाराज."

धुक्याच्या कडेला त्याने कापड ताणलं. पहिल्या थरात आभाळ आणि लांबचे डोंगर, पाण्यासारख्या पातळ निळ्यात. धुक्यातून डोंगर वर आले.

"आता शेतं," साळुंकी म्हणाली.

"आधी वाळू दे. ओल्यावर रंग टाकला तर डोंगर शेतात उतरेल."

"तुझ्या सासऱ्याला चालेल. तो डोंगरही नांगरेल."

येसाजी किंचित हसला.

दुसऱ्या थरात भाताची खाचरं, चिंचा, आणि त्यांच्यावर चुलीच्या धुराची फिकट राखी झाक. तीही परत आली.

तिसरा थर घरांचा आणि माणसांचा. एकेक माणूस उभं राहिलं. शेवटी सासूबाई, ओट्यावर. त्यांच्या शेजारी सगुणा तांदूळ निवडत बसायची. येसाजीने कुंचला तिच्या लुगड्याच्या हिरव्यात बुडवला.

"ती तिथे नव्हती," साळुंकी हळू म्हणाली.

"ठाऊक आहे. नुसता पदर काढतो."

"पदरही खोटाच रे."

कुंचला हवेत राहिला. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला.

"जावईबापू, माझी पावलं राहिलीत. गार लागतंय."

येसाजीने कुंचला धुतला. सासूबाईंची पावलं काढली, भेगांसकट.

धुकं फिटलं. गुरं चरायला निघाली, विहिरीवर रहाट वाजू लागला. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं.

येसाजीने सारं गाव काढलं होतं. सगुणेचं चित्र त्याने कधी काढलं नव्हतं. ते काढायचं राहिलं.