केरसुणी का थांबली

“पण सर, तुम्हाला आवडला की नाही, ते तरी सांगा!”

विराज शेडगेनं हे विचारलं तेव्हा गोसावी सर अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, चाचपून दाणे वाटीत टाकले आणि दुसरी उचलली.

विराज गप्प बसणाऱ्यांतला नाही.

“तुमचं मत कळलं तर मला तयारी करायला बरं पडेल. रविवारी चर्चा मीच चालवावी असं मला वाटतं. तुम्ही हो म्हणा, बाकीच्यांना मी बघतो.”

आमच्या गावात एक चित्रपट मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि खुर्च्या उचलणारा. दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये एक चित्रपट दाखवतो आणि मग त्यावर बोलतो. मंडळ निघाल्यापासून ही चर्चा गोसावी सरच चालवत आले. आता त्यांना पडद्यावर नुसता हलता उजेड दिसतो. तरी येतात, पहिल्या रांगेत बसतात, ऐकतात. पण चर्चा आता दुसऱ्या कोणीतरी चालवावी, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं.

गेल्या रविवारी आम्ही एक माहितीपट दाखवला. धरणासाठी रिकामं होणारं एक गाव आणि तिथली तानुबाई नावाची म्हातारी. हॉलची वेळ संपल्यामुळे चर्चा पुढच्या रविवारवर गेली. माहितीपट करणारी मुलगी त्या दिवशी स्वतः येणार होती. तिच्यासमोर चर्चेच्या खुर्चीत बसायला विराज उतावीळ झाला होता.

त्यात गैर काही नाही. पोरगा हुशार आहे. जिल्ह्याच्या दैनिकात सिनेमावर सदर लिहितो, लोक वाचतात. तारे देताना मात्र त्याचा हात जरा आखडता असतो.

“या आठवड्यात काय काय पाहिलंस?” सरांनी विचारलं.

विराज खुलला.

“तो जुना टांगेवाल्याचा सिनेमा पुन्हा पाहिला. अभिजात म्हणतात सगळे. मांडणी काळाच्या पुढची आहे, पण उत्तरार्ध ढेपाळतो. तीन तारे. मग तो नवा खुनाचा. थरार आहे, आत्मा नाही. अडीच. आणि आपला माहितीपट. विषय चांगला, पण फार रेंगाळतो. दोन.”

“टांगेवाल्याचं घोडं कुठल्या रंगाचं होतं रे?”

“सर, सिनेमा कृष्णधवल आहे.”

“मग काळं की पांढरं, एवढंच सांग.”

विराजनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं.

“घोड्याचा काय संबंध, सर?”

“नसेल. त्याच्याच जिवावर घर चालत होतं त्यांचं, म्हणून विचारलं…”

विराजचा चेहरा उतरला. मला आतून गंमत वाटली, हे कबूल करतो. त्याच्या दोन ताऱ्यांचा मला रागच आला होता. रविवारी मागच्या रांगेत त्याच्या मोबाइलचा उजेड सारखा चमकत होता. सिनेमा चालू असतानाच साहेब त्यावर परीक्षण लिहीत होते.

सरांनी वाटी खाली ठेवली.

“माहितीपटाचं सांग. शेवटाकडे सगळं सामान टेंपोत भरतात. टेंपो जातो. मग घरात केर काढल्याचा आवाज येतो. सर्र… सर्र… आणि मध्येच थांबतो. पुढे नुसती शांतता. का थांबते केरसुणी?”

“तिथे दृश्य संपत असेल.”

“नाही. एक कोंबडी ओरडत असते. ती केरसुणी चालू असतानाही ओरडते आणि थांबल्यावरही ओरडते. दृश्य तेच आहे. का थांबली?”

विराज डोकं खाजवू लागला.

“त्या दिवशी हॉलमध्ये मी चौघांना विचारलं. प्रत्येकानं मत दिलं. कोणी धरणावर दिलं, कोणी सरकारवर. केरसुणीचं कोणालाच सांगता आलं नाही. मला दिसत नाही रे… तू सांग.”

“उद्या सांगतो,” विराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मी सरांना पेपर वाचून दाखवत होतो.

“पाहिलं, सर. म्हातारी थकते. म्हणून थांबते.”

“थकली, मग बसली का?”

विराज आठवू लागला.

“बसत नाही… बहुतेक.”

“कशावर पाहिलंस?”

“मोबाइलवर.”

“नेहमीच्या वेगानं?”

विराजनं मोबाइल खिशात घातला. दीडपट वेगानं पाहायची त्याची सवय सगळ्या मंडळाला ठाऊक होती. एवढे सिनेमे एरवी बघून होणार कसे, असं तोच सांगायचा.

सर पेपरच्या दिशेनं हात करून मला म्हणाले, “हं, पुढं वाचा, कदम.”

मला वाटलं, आता हा फिरकणार नाही. एवढा नावाजलेला माणूस, त्याला एका केरसुणीपायी दोनदा परत पाठवलं. पण तो उठला तो थेट माझ्याकडे वळला. कान लाल झाले होते.

“कदमकाका, हॉलची किल्ली मिळेल? मला तो पडद्यावर बघायचाय. पहिल्यापासून.”

“आत्ता?”

“आत्ता. तुम्हाला वेळ नसेल तर यंत्र मी लावतो. पण बघणार.”

त्याचा तो हट्ट पाहून माझा राग निम्मा पळाला. मी किल्ली घेतली.

हॉलमध्ये आम्ही दोघंच. पडदे ओढले. विराजनं मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला आणि सरांच्या जागेवर, पहिल्या रांगेत, जाऊन बसला. मी माहितीपट लावला.

टेंपो गेला. मुलगा, सून, नातवंडं, गाद्या, भांडी, सगळं गेलं. दुसऱ्या खेपेला जायला तानुबाई एकटी मागे राहिली. रिकाम्या घरात काड्या, कागद, दोऱ्या पडल्या होत्या. तिनं कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि वाकली. सर्र… सर्र…

थांबली. तशीच वाकलेली. मग मान वळवून तिनं दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. टेंपोची धूळ अजून खाली बसली नव्हती. ती सरळ उभी राहिली, केरसुणी कोपऱ्यात आडवी ठेवली आणि तो सगळा पसारा तसाच टाकून उंबऱ्याबाहेर आली.

“परत लावा,” विराज म्हणाला.

मी परत लावलं.

“अजून एकदा.”

या वेळी ती थांबली तेव्हा तोही उठून उभा राहिला. मला वाटलं, याला काहीतरी होतंय. मी जवळ गेलो.

“चला,” तो म्हणाला. “सरांकडे.”

वाटेत त्यानं मोबाइलही परत मागितला नाही.

सर जेवून पलंगावर पडले होते. आमची चाहूल लागताच उठून बसले. विराज खाली जमिनीवरच बसला.

“सर, ती थकत नाही. वाकलेली असतानाच रस्त्याकडे बघते. मग केरसुणी ठेवून देते. केर तसाच राहतो.”

“का?”

“मुलगा नुकताच गेलाय ना, म्हणून.”

सर पुढे सरकले.

विराज म्हणाला, “आमच्याकडेही तसंच आहे. दादा पुण्याला निघाला की आई लगेच केर काढू देत नाही. वहिनीनं एकदा केरसुणी हातात घेतली, तर आई तिच्यावर केवढी ओरडली. म्हणाली, घरातलं माणूस आत्ता बाहेर पडलंय, त्याला परत यायचंय.”

त्याचा आवाज चिरकला.

“सर… त्यांना कुठे परत यायचं होतं? तिला माहीत होतं की ते घर पाण्यात जाणार. तरी तिनं केर काढला नाही.”

मंडळात तो माहितीपट मीच आणला होता. निवडताना पाहिला होता, रविवारी पाहिला होता. माझ्या घरीही हेच पाळतात. मला मात्र ती बाई दिसलीच नव्हती.

“मग?” सर हळूच म्हणाले.

“परीक्षण मागे घेतो. अजून छापलेलं नाही, संपादकांना आत्ता कळवतो. तारे बदलायला सांगतो.”

“किती करतोस?”

विराजनं तोंड उघडलं. मिटलं. जमिनीकडे पाहत राहिला.

“सांगता येत नाही.”

“बरं, ताऱ्यांचं राहू दे. तुझं मत काय झालं आता? रविवारी ती मुलगी येईल. हॉल भरलेला असेल. तानुबाईविषयी काय सांगशील लोकांना?”

“काही सुचत नाही, सर.” विराजनं बाहीनं डोळे पुसले. “रविवारची खुर्ची मागायला आलो होतो, पण आता खरंच काही सुचत नाही. ती चर्चा तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी पुन्हा बघतो. टांगेवाल्याचाही बघतो. सगळेच पुन्हा बघतो.”

सरांनी हात पुढे केला. चाचपडत तो विराजच्या खांद्यावर ठेवला.

“कदम,” ते मला म्हणाले, “फलकावर लिहून टाका. रविवारची चर्चा विराज शेडगे चालवतील.”