दुसरा रेग्युलेटर

“आणि ह्यो कोणासाठी गो?”

बस्त्यावकाकांनी पिवळी नळी वर उचलून धरली होती. नळीच्या टोकाला पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर लोंबत होता.

सुरंगीला हसू आलं. सहा महिने पाण्याखाली नेऊन शिकवल्यावर माणसाने असला बालवाडीतला प्रश्न विचारावा?

“माझ्यासाठी. पयलो बिघाडलो तर.”

काकांनी रेग्युलेटर गोणपाटावर ठेवला आणि टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा पट्टा तपासायला वळले.

म्हणजे उत्तर चुकलं होतं.

सुरंगी तांडेलचं त्या दिवशी जमिनीवर पाऊल ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोसमातले पहिले पाहुणे यायचे होते, आणि काकांनी हो म्हटलं तर त्यांना समुद्राखाली घेऊन जाणारी ती किनाऱ्यावरची पहिली मुलगी ठरणार होती. काकांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

आणि बस्त्यावकाका हो म्हणायला फार वेळ घेत. तीस वर्षं ते या खडपांभोवती बुड्या मारत आले होते. स्वतःची टाकी ते कुणालाही भरू देत नसत. टाकी पूर्ण भरून काटा पार दोनशेवर टेकल्याशिवाय पाण्यात पाय घालत नसत. लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरदेव आधी टाकी भरून मग चर्चमध्ये आला, असं त्यांची बायको सांगे, आणि सांगताना तिचा राग अजून ताजा असे.

सुरंगीने पुन्हा विचार केला. फार वेळ लागला नाही, कारण ती हुशार होती आणि ते तिला ठाऊकही होतं.

“काका! पाहुण्यासाठी! जेची हवा संपतली, तेच्यासाठी.”

“हं.”

“म्हणान तर नळी लांब, आणि रंग पिवळो. लांबसून दिसाक व्हयो.”

“हं...”

दुसरं ‘हं’ पहिल्यापेक्षा बरं होतं. सुरंगीची छाती वीतभर फुगली. तिने घाईघाईने सगळं सामान जुळवायला घेतलं.

तोंडात धरायचा रेग्युलेटर तिने नवा कोरा घेतला. ओठ लावले की हवा आपण होऊन आत यावी, इतका तो हलका होता. जादाचा मात्र पेटीच्या तळातला जुनाच राहू दिला. तो ओढायला जड होता आणि रबराच्या कडेने थोडं पाणी आत घ्यायचा. पण वर येईपर्यंतचाच तर प्रश्न. दोन मिनिटं जोर काढावा लागला तर पाहुण्याचं काय बिघडतंय?

मग आला तिचा खरा अभिमानाचा भाग. जादाचा रेग्युलेटर मोकळा लोंबला तर वाळूत घासतो, खडकात अडकतो. सुरंगीने जाळ्याचा नायलॉन दोरा घेतला आणि तो छातीवर उजव्या बाजूला बांधून टाकला. गाठ साधीसुधी नव्हती. तिचे वडील रापणीचं जाळं ओढणारे, आणि ही त्यांच्या घरातली जाळ्याची गाठ होती. भिजली की ती आणखी आवळते. टनभर पेडवे मासे ओढून आणले तरी हलत नाही.

“बघा काका. वादळ इला तरी सुटाची नाय.”

काकांनी गाठीवरून अंगठा फिरवला. मग जुना रेग्युलेटर तोंडाला लावून एक श्वास ओढला, आणि सुरंगीकडे बघत राहिले.

“बरी असा गाठ,” ते म्हणाले. “चल पाण्यात.”

चल पाण्यात! सुरंगीने आनंदाने टाकी पाठीवर चढवली ती जणू रिकामं दप्तर असल्यासारखी.

खडपाच्या पलीकडे दोघं खाली गेली. पंचवीस-तीस फुटांवर वाळू लागली. ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांशी येऊन उगाच चौकशी करून जात होते. उद्या इथेच आणायचं पाहुण्यांना. हा खडक दाखवायचा, मग ती कपार, मग ते... तिने मनातल्या मनात पाहुण्यांची फेरी पूर्ण करून त्यांच्या टाळ्यासुद्धा ऐकल्या.

काका समोर आले. त्यांनी आडवा हात गळ्यावरून फिरवला.

हवा संपली.

याचीच तर ती वाट बघत होती! परीक्षा होती ती, आणि उत्तर तिला पाठ होतं. रुबाबात तिने छातीवरच्या पिवळ्या रेग्युलेटरकडे हात नेला.

काका थांबलेच नाहीत. त्यांनी तिच्या तोंडातला रेग्युलेटर ओढला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

सुरंगीला क्षणभर कळलंच नाही, की हे खरंच घडलंय. मग तोंडात खारं पाणी आलं आणि कळलं.

तिने छातीवरचा रेग्युलेटर ओढला. तो आला नाही. दोन्ही हातांनी ओढला. गाठ जागची हलली नाही. वडिलांची गाठ होती ती, ओली होऊन आवळलेली.

नखं गाठीत घातली. एक नख मोडलं. छाती आतून धडका देऊ लागली. गालाला काहीतरी मऊ लागलं, तिने ते मान झटकून दूर केलं. काकांच्या तोंडातून निघणारे बुडबुडे तेवढे तिला दिसत होते. तिची हवा. तिने झेप घेऊन काकांच्या तोंडालाच हात घातला...

काकांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातातली सुरी दोऱ्यावरून एकदाच फिरली. जुना रेग्युलेटर सुटला आणि तिच्या ओठांवर आला.

तिने श्वास ओढला. निम्मी हवा, निम्मं पाणी. खोकला आला, आणि खोकल्यावर पुन्हा तोच जड श्वास ओढावा लागला. पाहुण्याचं काय बिघडतंय, म्हणून ठेवलेला.

वर यायला त्यांना दोन मिनिटं लागली. काकांनी तिच्या खांद्याचा पट्टा घट्ट धरला होता, पण पाण्याबाहेर डोकं येईपर्यंत त्यांनी तिचा नवा रेग्युलेटर तिला परत केला नाही.

सुरंगी वाळूवर येऊन बसली. भीती होतीच, पण त्याहून जास्त संताप होता.

“माझ्या तोंडातलो कित्याक काढलात? मी देय होतंय मा तुमका! पिवळो होतो मा हयसर!”

काका केसांतलं पाणी निपटत राहिले.

“माझो पिवळो खय होतो?” त्यांनी विचारलं.

“तुमचो? तो... तुमच्या छातीवर.”

“तुझ्या गालाक टेकललो.”

सुरंगीचा हात आपोआप गालावर गेला.

ते मऊ...

स्वतःच्या भरलेल्या टाकीचा, चांगला चालणारा रेग्युलेटर काकांनी तेव्हा तिच्या तोंडाशी धरला होता. तिने तो झटकून दिला होता. आणि हात घातला होता तो समोरच्याच्या तोंडाला.

ऊन अंगावर चढत होतं. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडली, आणि नाक पुसत उठून उभी राहिली.

“काका, पानो खय असा?”

काकांनी बोटाने पेटी दाखवली.

त्यानंतर सुरंगीचे हात जे चालले, त्यांना कोण थांबवणार! पेटीतले सगळे रेग्युलेटर तिने गोणपाटावर ओतले. एकेक टाकीला जोडला, डोळे मिटून दहा-दहा श्वास घेतले. जड ओढणारे बाजूला टाकले. पाण्याच्या बादलीत बुडवून बघितले, ज्यांच्या कडेने थेंबही आत येत नव्हता असे दोनच ठेवले. मग त्यातला हलका कुठला आणि जड कुठला, हे तिचं तिलाच सांगता येईना, तेव्हा ती आनंदाने ओरडली. तिला तेच हवं होतं.

पण नळीशी येऊन ती अडली.

एक नळी लांब होती, एक आखूड. लांब नळी जादाच्याला लावायची, असंच सगळे करतात. काकांचं स्वतःचं सामानही तसंच होतं. तिने पाना हातात धरला आणि स्वतःलाच विचारलं, माझ्या हातून जाणार कुठला? जो माझ्या तोंडात आहे तो.

तिने लांब नळी तोंडातल्या रेग्युलेटरला लावली.

आणि आखूड नळीवरचा तिने गळ्यात घेतला. सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापली, गळ्यात अडकवली, आणि तिच्यात तो असा बसवला की हनुवटी खाली केली तर ओठांना लागावा. हाताची गरज नाही. ओढला की सुटेल, नाही ओढला तर तिथेच राहील. तिने मान खाली घातली, श्वास घेतला. पुन्हा घातली, पुन्हा घेतला. दहा वेळा करून बघितलं.

जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा तिने खिशात ठेवून दिला. वडिलांना सांगायला लागणार होतं.

“काका...”

काका आले. लांब नळीकडे बघितलं. ती कुठून निघते आणि कुठे पोचते, ते बोटाने चाचपत गेले. ट्यूबची रिंग दोनदा ताणून सोडली. मग स्वतःच्या सामानाकडे बघितलं, जिथे तीस वर्षं लांब नळी छातीवर लटकत होती. पुन्हा तिच्याकडे बघितलं.

सुरंगीने लांब नळीचा रेग्युलेटर तोंडात धरला आणि वाट बघितली. चूक असेल तर उद्याचे पाहुणे गेले. बरोबर असेल तर...

काकांनी हात उचलला.

तो गळ्यापर्यंत पोचायच्या आत सुरंगीने तोंडातला रेग्युलेटर काढून काकांच्या ओठांना लावला होता, आणि हनुवटी खाली करून दुसरा दातांत धरला होता. हे तिने ठरवून केलं नव्हतं. हात आधी पुढे गेला आणि तिला मागाहून कळलं.

काका तिच्या हवेवर श्वास घेत उभे राहिले. एक, दोन, तीन. मग तो तोंडातून काढून त्यांनी तिच्या गळ्यातल्याकडे बोट केलं.

“आणि ह्यो कोणासाठी गो?”

सुरंगी उत्तर देणार तरी कशी? तोंडात रेग्युलेटर होता. ती नुसती डोळ्यांनी हसत राहिली, आणि श्वास आत-बाहेर होत राहिला.

...

काका कॉम्प्रेसरपाशी गेले. स्वतःची टाकी उचलली आणि तिच्या पायाशी आणून ठेवली. आजवर त्या टाकीला ते कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हते.

“उद्या पाहुण्यांच्या मागसून मी येतलंय,” बस्त्यावकाका म्हणाले. “माझी टाकी अर्धीच भर.”