हत्तीच्या तोंडावरची पाटी

दगडांना बोलता येत होतं आणि पाट्यांना तर जरा जास्तच, त्या काळची ही गोष्ट.

एका जुन्या शहराच्या पाणदरवाज्यावर दगडी हत्ती कोरलेला होता. एके दिवशी पुरातत्त्व खात्याची माणसं आली आणि त्यांनी हत्तीच्या तोंडावरच चार खिळे ठोकून पाटी बसवली: ‘हे शिल्प संरक्षित आहे. नुकसान करू नये.’

“आता निर्धास्त राहा,” पाटी म्हणाली. “तुमच्या रक्षणाला मी आले आहे.”

“बाई, चारशे वर्षांत दोन फौजा येऊन गेल्या,” हत्ती म्हणाला, “पण कपाळात खिळा कोणी ठोकला नव्हता.”

पाटी फुगून बसली.

गाइड बशीरचाचा रोज पर्यटकांना सांगत, “या पाटीमागं हत्ती आहे. लई देखणा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.” पर्यटक पाटीचा फोटो काढून पुढे जात.

मग एक प्रेमी जोडपं आलं. खडबडीत दगडापेक्षा त्यांना पाटी बरी वाटली. त्यांनी किल्लीनं तिच्यावर बदाम कोरला आणि आत दोघांची नावं.

पाटी रडायला लागली. “आता माझं रक्षण कोण करणार हो?”

“काळजी करू नकोस,” हत्ती मागून म्हणाला. “तुझ्याही तोंडावर एक पाटी ठोकतील.”